गार हात

आज सकाळी वॉर्डात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी नाडी बघण्याआधी तळहात एकमेकांवर घासत होती. खाटेवरच्या आजी हसल्या, "अगं, मला तपासतेस की शेकोटी पेटवतेस?"

"हात गार आहेत, आजी. दचकाल तुम्ही."

हे तिला कुणी शिकवलेलं नसणार. माणसांना रोज हात लावता लावता हातांनाच शहाणपण येतं. ते पाहिलं की या कामात आल्याचा आनंद मला नव्याने होतो.

मी रसायनशास्त्राचं दुसरं वर्ष सोडून नर्सिंगला आले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सायकली दुरुस्त करून मला शिकवणाऱ्या अण्णांनी पोरगी प्राध्यापक होणार म्हणून गावभर सांगून ठेवलं होतं. "आता लोकांना काय सांगू?" एवढं म्हणून त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं.

पहिल्या सुट्टीत मी रक्तदाबाचं यंत्र घेऊन त्यांच्या सायकलच्या दुकानात गेले. अण्णांनी बाही वर सारून दंड पुढे केला. मी पट्टा गुंडाळला आणि रबरी फुगा दाबून हवा भरू लागले. ते बारकाईने बघत होते. मग सायकल घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाले, "बघा, किती बेतानं हवा भरते! माझी पोरगी आहे ती."