सोबतीची गाणी

सुतार ज्या रॉक गायकावर जीव टाकत असे, त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकणारा माणूस गायकाच्या प्रकृतीची चौकशी करी. चाळणीतून रेती पडावी तसे त्याचे शब्द खरखरत येत. रंधा थांबला की कारखान्यात तोच आवाज उरे, आणि पलीकडच्या खोलीत शिलाई मशीनवर बसलेल्या सुताराच्या बायकोचे पाय आपसूक मंदावत.

दोघांचा वाद एकच होता, आणि तो त्यांच्या संसाराइतकाच जुना होता. सुताराला गायकाचे एकट्याचे अल्बम प्रिय. त्यांत वाद्ये मोजकी, चाल संथ; ओळ आता तुटते की काय असे वाटत असतानाच ती टोकाला पोचे. बायकोला मात्र त्याने एका गायिकेबरोबर केलेली गाणी भावत. तिच्या स्वच्छ गळ्याशेजारी तो घोगरा आवाज आला की दोन्हींचा पोत कळे, अस्तर लावल्यावर कापडाचा कळावा तसा. ‘सोबतीची गाणी’ हे नाव तिचेच. एकट्याची गाणी ऐकताना कुणीतरी आतून कडी लावून बसले आहे, असे तिला वाटे.

त्या वर्षी सुताराचा आवाज बसला आणि बसलेलाच राहिला. घशात भुसा गेला असेल, हे निदान त्याने स्वतःच करून टाकले. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, गुरूची विद्या अखेर शिष्याच्या गळ्यात उतरली. आता पोस्टरवर याचाच फोटो छापायला हरकत नाही. सुतार खूश झाला. बायकोने दवाखान्याचा विषय काढला की तो प्लेयरचा आवाज वाढवी.

मग एका दुपारी बटणांची काजे करता करता तिने सोबतीची गाणी पहिल्यापासून क्रमाने लावली. सुरुवातीला गायक आणि गायिका ओळी वाटून घेत. नंतर वरचे सूर गायिकेकडे गेले. पुढे ओळींचे शेवटही गेले. गायक अर्ध्यावर सोडी आणि गायिका अलगद उचलून घेई, इतक्या सफाईने की सुताराच्या बायकोला आजवर ते गाण्याचे सौंदर्यच वाटत आले होते. शेवटच्या अल्बमात त्याच्या वाट्याला ओळीचा आरंभ तेवढा उरला होता.

तिचा हात कापडावरच थांबला. फोनवर, गिऱ्हाइकांपुढे, जेवताना नवरा अर्धे बोले आणि उरलेले ती बोले. म्हणूनच त्याचा आवाज किती गेला आहे, ते कुणाला कळले नव्हते. त्यालाही नाही.

संध्याकाळी चष्मेवाला आपल्या शोकेसची चौकशी करायला आला.

“पट्ट्या बसल्या,” सुतार म्हणाला, “आता फक्त काचा…” आणि सवयीने त्याने बायकोकडे पाहिले.

तिने टाचण्या उचलून ओठांत धरल्या आणि मान खाली घातली.

सुताराने घसा खाकरला. ओठ हलले, पण लाकडावर पॉलिशपेपर घासावा तसा वारा तेवढा बाहेर आला.

“नक्कल पुरे आता,” चष्मेवाला हसत म्हणाला.

मागे गायकाचे एकट्याचे गाणे चालू होते. सुताराने हात लांब करून ते बंद केले. गाणे असे मध्येच तोडलेले बायकोने कधी पाहिले नव्हते.

“अगं, बोल ना,” तो कसाबसा म्हणाला.

तिने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. “उद्या डॉक्टरांसमोर तुम्हीच बोलायचं. मी नुसती शेजारी बसेन.”

त्याने मान हलवली. त्याला आणखी काही म्हणायचे होते, हे तिला दिसत होते. काय, तेही तिला ठाऊक होते. ती थांबून राहिली.