वर्दी देऊन झाड तोडणारे मामा

झाड तोडण्याआधी झाडाला तसं सांगून येणारा माणूस अख्ख्या सीमाभागात एकच झाला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात. पिरनवाडीच्या या मामांनी आयुष्यभर झाडं पाडली, आणि झाडांवर त्यांच्याइतकी माया करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. मी तेव्हा निपाणीत शाळामास्तर होतो, आणि कुणालाही काहीही विचारायचा आपल्याला परवाना आहे असं मला वाटे. हे दोन्ही एका पोटात कसं मावतं, असं मी त्यांना एकदा विचारलं. मामा कानशीनं करवतीच्या साखळीचे दात घासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "न्हावी काय डोस्क्याचा वैरी असतोय व्हय रं, मास्तर?"

सत्तर सालानंतर कधीतरी मामांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी जीप घेतली आणि दांडेलीकडच्या एका वखारवाल्याकडून पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत घेतली. तोवर आमच्याकडे मोठं झाड पाडायचं म्हणजे दोन गडी, एक लांब करवत आणि दोन दिवस. हे यंत्र तेच काम न्याहारी आणि जेवण यांच्यामध्ये उरकी. लोक त्याला नुसतं 'मिशन' म्हणत. ते सुरू झालं की शिवारातली म्हसरं दावं तोडून पळत आणि म्हातारीकोतारी माणसं कानात बोटं घालून बघायला जमत. मामा जीपशी हिंदीत बोलत, मिशनशी कानडीत आणि झाडाशी मराठीत. यामागंही त्यांचा हिशोब होता. "जीप मिलिट्रीत वाढल्याली, तिला हिंदीबिगार कळत न्हाय. मिशनचा पयला मालक कानडी. आन झाडं काय, आपल्या शेजारपाजारचीच की." खानापूरकडच्या उतारावर जीप गुडघाभर चिखलात रुतली की मामा तिच्या टपावर थोपटत, "चल बेटा, शाब्बास," आणि ती धुराचा लोट सोडत वर येई. मिशन रुसलं की दहादा दोरी ओढून झाल्यावर ते त्याला मांडीवर घेत आणि "बा तायी, बा," म्हणजे ये आई, ये, असं आर्जव करत. अकराव्या ओढीला ते सुरू होई. मामांनी चुकून भाषांची अदलाबदल केली असती तर दोन्ही जागची हलली नसती, अशी माझी आजही खात्री आहे.

पण त्यांचा खरा नेम म्हणजे वर्दी, आगाऊ दिलेली खबर. झाड पाडायच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, मामा एकटेच झाडाकडे जात. पायताण काढत, डावा तळवा बुंध्यावर ठेवत आणि म्हणत, "उद्या येतो गं बाई. पाखरांस्नी सांगून ठेव." एवढंच. पण ते केल्याशिवाय त्यांनी बांधावरच्या बाभळीलाही कधी हात लावला नाही. ठेकेदार चडफडत, एक दिवस फुकट जातो म्हणून बोंब मारत. मामा म्हणत, "तुमास्नी कुणी घर सोडा म्हटलं, तर एक दीस तरी मागून घेशीला का न्हाय?"

या नेमापायी सदलग्याला एकदा भलताच घोटाळा झाला. दोन भावांच्या शेतांमधल्या बांधावर दोन चिंचा उभ्या होत्या, एक थोरल्याची आणि एक धाकट्याची. दोघा भावांमध्ये बारा वर्षं बोलणं नव्हतं. थोरल्यानं मामांना बोलावलं होतं, आणि मामांनी सांजेच्या अंधुक उजेडात वर्दी दिली ती नेमकी धाकट्याच्या चिंचेला. सकाळी चूक कळल्यावर मामा मटकन खालीच बसले. "जिला सांगितलं तिला पाडायची न्हाय, आन जिला पाडायची तिला सांगितलं न्हाय," असं म्हणून त्यांनी मिशन जीपमध्ये ठेवून दिलं. थोरला डोकं आपटून थकला. मामांनी गावातून नारळ आणला, धाकट्याच्या चिंचेपुढं फोडला आणि "चुकलो गं बाई, रातभर जीव टांगणीला लावला तुझा," म्हणून हात जोडले. तोवर धाकटाही भांडायच्या तयारीनं तिथं आला होता. तो हे सगळं बघत राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "परका माणूस माझ्या झाडाची माफी मागतोय. आमच्या अण्णाला मातूर बारा वर्सांत त्वांड उघडाय झालं न्हाय." मामा दुसऱ्या दिवसापर्यंत मुक्काम ठोकून राहिले, योग्य त्या चिंचेला रीतसर वर्दी दिली आणि मगच ती पाडली. तिच्या लाकडाची वाटणी दोघा भावांनी बोलून केली असं पुढं कानावर आलं.

तो डावा तळवा मात्र नुसता नमस्कारापुरता नव्हता. मामा थोडं कापत, मिशन थांबवत, बुंध्यावर तळवा ठेवत, पुन्हा थोडं कापत. झाड आतून कुठं ताणलंय, कुठं ढिलं पडतंय, हे त्यांना हाताला कळे. मच्छे गावातल्या एका जुन्या नांदरुकीच्या बुंध्याला हात लावून ते म्हणाले, ही पोकळ आहे, अशी पाडाल तर फाटून अंगावर येईल. ठेकेदार हसला. वरची फांदी उतरवली तर आत माणूस बसेल एवढी ढोली आणि तिच्यात मधमाश्यांचं भलंमोठं मोहोळ. ठेकेदार जो पळाला तो थेट रस्त्याला लागला. त्यानंतर मामांच्या तळव्यावर हसायची कुणाची छाती झाली नाही.

आत्या प्रत्येक कामाला बरोबर असे. डोक्यावर पदर, मांडीवर भाकरीचं गाठोडं आणि तोंडात अखंड कुरकुर. जीप आणि मिशन या आपल्या दोन सवती आहेत, असं ती येईल-जाईल त्याला सांगे. "एकीला त्याल पाजत्यात, एकीचं दात घासत्यात. माझं दात दुखलं तवा लवंग चाव म्हणालं." कामाच्या वेळी ती जीपमध्ये बसून राही. झाड ओढून पाडायचं असलं की दोर जीपला बांधलेला असे आणि मामांनी ठेवलेला ड्रायव्हर त्यांच्या खुणेवर गाडी पुढं घेई, कारण त्या आवाजात हाक ऐकू जाणं शक्यच नव्हतं. डावा हात वर म्हणजे ओढ, मूठ म्हणजे थांब. आत्या शेजारी बसून ड्रायव्हरलाही चार शब्द सुनावी.

पंधराएक वर्षं अशी गेली. मग एका थंडीत मामा आमच्याकडे आले असता त्यांच्या हातातून चहाचा कप सुटला. पुढच्या खेपेला त्यांनी बशीच दोन्ही हातांनी धरली. थंडीत त्यांची बोटं खडूसारखी पांढरी पडत. आत्या त्यांच्या शर्टाची बटणं लावून देताना मी पाहिलं, आणि मामांनी तोंड फिरवलं. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्षानुवर्षं मिशनचा हादरा बसून हातांची जाणीव गेली आहे, ते बंद करा. हे मामांनी तेव्हा आत्याशिवाय कुणालाही कळू दिलं नव्हतं.

त्याच साली वैशाखातल्या वळवानं आमच्या घरामागचा रायवळ आंबा घरावर कलला. एका बाजूची मुळं उखडली होती. पावसाळा लागायच्या आत तो उतरवला नाही तर घर गेलं, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. घरात आम्ही सात माणसं. मामांशिवाय आपल्या झाडाला कुणी हात लावायचा नाही, असं आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवून टाकलं होतं. मामा आले. पहिल्या सांजेला वर्दी दिली आणि सकाळी म्हणाले, वारा बरा नाही. दुसऱ्या सांजेला पुन्हा वर्दी दिली आणि सकाळी म्हणाले, साखळी बोथट झालीय. तिसऱ्या सांजेला ते पुन्हा परसात निघाले तेव्हा मी हसून म्हटलं, "मामा, आंब्याचा जीव किती दिवस टांगणीला लावताय?" माझ्या त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मामा ओट्यावर आप्पांजवळ बसले. म्हणाले, "हात ठेवला तर काय बी कळंना झालंय, आप्पा. जोर हाय अजून. पन झाड काय म्हनतंय ते हाताला कळत न्हाय. तुमच्या घरावर घातलं म्हंजे?"

आप्पा म्हणाले, दुसरं कुणी बघू. मामांनी नाही म्हणून मान हलवली. गेल्या साली त्यांचा ड्रायव्हर कारखान्यात चिकटला होता आणि दोर ओढायला खुणा जाणणारा माणूसही उरला नव्हता. तेवढ्यात चुलीपासून आत्या बाहेर आली. "जीपवर मी बसतो," ती म्हणाली.

मामा बायकोकडे बघून ओशाळं हसले, आणि मग कळलं की जीप घेतली त्याच वर्षी पिरनवाडीच्या माळावर मामांनी तिला गाडी शिकवली होती. लोक हसतील म्हणून दोघांनी ते गुपित ठेवलं होतं. आणि खुणा तर ती पंधरा वर्षं बघतच होती.

सकाळी मामांनी आधी वरच्या जड फांद्या गड्यांकडून उतरवल्या, शेंड्याला दोर बांधला आणि दोराचं दुसरं टोक लांब शेतात उभ्या जीपला लावलं. आत्यानं पदर खोचला. मिशन सुरू झालं. मामा कापत, थांबत आणि सवयीनं बुंध्यावर हात ठेवत, आणि दरवेळी त्यांचा चेहरा उतरे. आम्ही घर रिकामं करून बाजूच्या बांधावर लांब उभे होतो. तेवढ्यात मामांनी काही खूण करायच्या आतच जीप गुरगुरली आणि पुढं सरकली. शेंडा घराकडे ओढ घेतोय हे दोराला बसलेल्या ताणावरून आत्यानं ओळखलं होतं. मामांनी चमकून तिकडं पाहिलं आणि मग हात वर केला. आंबा क्षणभर घराकडे वाकल्यासारखा झाला, मग कडाडला आणि शेतात आडवा झाला. आमचं एक कौलही फुटलं नाही. आत्या जीपमधून उतरली ती रडतच उतरली, आणि मामांना म्हणाली, "बास झालं आता." मामांनी मिशन बंद केलं. त्यानंतर ते कधीच सुरू झालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दोघं बसनं आली. जीप विकली होती. चहा झाल्यावर मामा परसात गेले, पायताण काढलं आणि उरलेल्या आंब्या-फणसांच्या बुंध्यांवर एकेक करून हात ठेवत म्हणाले, "भिऊ नगा. मिशन आनल्यालं न्हाय." मग ते त्या तोडलेल्या आंब्याच्या खोडापाशी आले. खोडाच्या कडेनं तांबूस पालवी फुटली होती. मामा खाली बसले आणि त्यांनी ती बोटांत धरली. बराच वेळ धरून ठेवली. मग त्यांनी आत्याला हाक मारली.

"जरा हात लाव गं. मला कळत न्हाय. कवळी हाय का?"

आत्या त्यांच्याशेजारी बसली, पानावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "व्हय. लई कवळी हाय."