सुंदररावांची दोन कोसांची धार

आमच्या भावकीतल्या सुंदररावांना खोटं बोलता येत नसे. मात्र खरी गोष्ट आहे त्या आकाराची त्यांना कधी पुरत नसे. माल अस्सल असायचा, माप तेवढं त्यांचं स्वतःचं. निजामाच्या अंमलात, वीस-बावीस सालच्या सुमारास, एक गिरदावर, म्हणजे महसुलाचा फिरता अंमलदार, पाटोद्याला जाता जाता आमच्या गावात थांबला आणि त्यानं सुंदररावांना ओढ्याची वाट विचारली. दिवाळीपर्यंत त्या विचारण्याची मसलत झाली आणि शिमग्यापर्यंत गिरदावर त्यांना विचारल्याशिवाय दौऱ्यावर निघेनासा झाला.

त्यांच्या तोंडी सगळ्यात जास्त वाढली ती गावची धार.

गावाच्या वरच्या अंगाला जंगल आहे, सागाचं आणि सीताफळीचं. तिथं एका घळीत ओढा खडकावरून खाली पडतो. उंची दीड पुरुष असेल. खाली ढोपरभर पाण्याचा डोह आणि धुणं आपटायला चांगले सपाट दगड. गावात तिला नुसतं धार म्हणत. मारुतीच्या पारापासून सीताफळीतून एक सपाट पायवाट थेट डोहाशी जायची. म्हाताऱ्यासुद्धा डोक्यावर वाकळांचं ओझं घेऊन, न थांबता, वाटेत सुनेची गाऱ्हाणी सांगत जात.

पण ती वाट बायकांची. सूर्य डोक्यावर येईपर्यंत धारेवर बायका धुणं धुणार, अंघोळी करणार. तोवर पुरुषमाणसानं त्या वाटेला पाय लावायचा नाही. अगदीच नड असली तर टेकडीला वळसा घालून, करवंदीच्या जाळीतून वर चढून घळीच्या माथ्यावर यायचं आणि तिथून हाळी द्यायची. खालून बायकांचा जबाब येईपर्यंत पुढं पाऊल टाकायचं नाही. हाळी न देता उतरलेल्या माणसाच्या घरी गाव पाणी पीत नसे.

सुंदरराव आष्टीकडं मोहनरावांचं घर पाहायला गेले तेव्हा त्यांनी ही वळशाचीच वाट सांगितली. लेक शिवकन्या हिच्यासाठी मोहनरावांचा मुलगा सुचवलेला होता. घर चांगलं, माणसं सरळ. मुलखात तेवढं पाणी नव्हतं. जेवणं झाल्यावर मोहनरावांनी सहज विचारलं, "तुमच्याकडं पाऊसपानी कसं हाय?" एवढं निमित्त पुरलं. दोन कोस घनदाट जंगल, दहा पुरुष उंच धार, वाटेवर बिबट्या, आणि आवाज असा की बैल दावं तोडतात.

घरी येऊन त्यांनी हे बायकोला सांगितलं. तुळजाबाईंनी भाकरी थापायची थांबवली.

"परत?"

"अगं, ते तहानेल्या मुलखातली मान्सं. जरा बरं वाटलं त्यांला."

"केजच्या पाव्हण्यांलाबी बरंच वाटलं होतं. मग गोठ्यात पन्नास म्हशी बघायला आले अन् तीन बघून गेले. ही सोयरीक मोडली तर पुन्ना कुनी ह्या दाराला येनार न्हाई. पोरगी काय जन्मभर माज्यासंगं भाकरी थापत बसंल?"

सुंदरराव उठून म्हशींना वैरण टाकायला गेले. शिवकन्येवर त्यांचा फार जीव होता.

दिवाळी झाल्यावर मोहनराव पोरगी पाहायला आले. बरोबर बायको बायनाबाई. मोहनराव असे, की ज्वारी घ्यायची तर पोत्याच्या तळातला दाणा काढून दाताखाली धरणार. पोरगी दोघांनाही पसंत पडली. पण सुपारी फोडायचं कुणी बोलेना. निजायच्या आधी मोहनराव म्हणाले, "सुंदरराव, केजकडची मान्सं भेटली होती आमाला. आमी मनावर घेतलं न्हाई. पर उद्या सकाळी ती धार दावा. धार खरी निगाली तर बाकी समदं खरं धरू, अन् सुपारी फोडून दुपारी गाडी जुंपू."

सकाळ म्हणजे बायकांची वेळ, म्हणजे वळसाच. सुंदररावांना हायसं वाटलं. शेजारचा बिभीषण सोबतीला आला. तो धीर द्यायला आला होता की मजा बघायला, हे गावात कुणी विचारलं नाही.

सुंदररावांनी पाहुण्याला टेकडीच्या वाटेला घातलं. करवंदीनं मोहनरावांचं धोतर दोन ठिकाणी फाडलं.

"बिबट्या कुटं असतो?" मोहनरावांनी दम खात विचारलं.

"हितंच कुटंतरी," सुंदरराव म्हणाले.

"सुंदरराव आले की तो आष्टीकडं जातो," बिभीषण म्हणाला. "त्याला बी ऐकवत न्हाई."

एका उताराला सुंदररावांनी उगाच डावीकडं वळवलं, आणि सगळे मघा मागं टाकलेल्या मोहाच्या झाडाशी पुन्हा आले. मोहनरावांनी झाडाकडं पाहिलं आणि धोतर वर खोचलं. अखेर माथा आला. खाली पाणी पडत होतं. बैल दावं तोडतील असा आवाज नव्हता, पण आवाज होता. मोहनराव कडेकडं निघाले.

तेवढ्यात सुंदररावांच्या कानावर दुसराही आवाज आला. बायकांचं हसणं. वळसा लांबवायच्या नादात हाळीचं ते विसरलेच होते.

आता हाळी द्यावी तर खालून जबाब येणार, आणि दोन कोस जंगलात बायका धुणं घेऊन कशा आल्या, हे सांगावं लागणार. न द्यावी तर पाहुणा दोन पावलांत कडेवर पोचणार. सुंदररावांनी एकदा पाहुण्याच्या फाटक्या धोतराकडं पाहिलं. मग त्यांनी मोहनरावांचा दंड घट्ट धरला आणि घळ दणाणून जाईल अशी हाळी दिली.

"हाय का कुनी? गडी मान्सं हाइत वर!"

मोहनराव दचकले. "कुनाला हाळी देता? बिबट्याला?"

खालून घोगऱ्या आवाजात जबाब आला. ती छबुबाई, गावातली सगळ्यात जुनी धुणेवाली.

"थांबा तितंच! इहीनबाई पाण्यात हाइत!"

"इहीनबाई?" मोहनराव म्हणाले. "कुनाची इहीन?"

"अवो, तुमीच का?" खालून बायनाबाईंचा आवाज आला. "बसा तितं. माजे केस धुवायचे हाइत अजून!"

झालं होतं ते असं. गाडीच्या प्रवासानं बायनाबाईंच्या डोक्यात धूळ बसली होती. पुरुष गेल्यावर त्यांनी पाणी तापवायला सांगितलं, आणि तुळजाबाई सहज म्हणाल्या, चला की धारंवरच. शिवकन्येनं शिकेकाई घेतली आणि सगळ्या सपाट वाटेनं जाऊन बसल्या.

वर तिघं पुरुष तापलेल्या खडकावर बसले. मोहनराव पायातला काटा काढू लागले.

"बायका कवा आल्या?" त्यांनी विचारलं.

"आपुन मोहाच्या झाडापाशी दुसऱ्यांदा आलो तवा," बिभीषण म्हणाला.

मोहनराव पुन्हा काट्याकडं वळले. सुंदररावांना वाटलं, गेली सोयरीक. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना बोलायला शब्द सापडेनात. अखेर ते म्हणाले, "पाव्हणं, धारंचं मी वाढवलं. पर पोरीबद्दल एक शब्द वाढवून सांगितला न्हाई."

मोहनरावांनी काटा निरखला. "पोरीबद्दल तुमी शब्दच कुटं सांगितला? आमच्या वट्यावर बसून सांजपातूर धारंचंच बयान केलं. पोरीचं नाव मला तुमच्या गाडीवानाकडून कळलं."

बिभीषण पागोट्याच्या शेवाआड हसला.

बऱ्याच वेळानं छबुबाईनं, "या आता!" म्हणून हाक मारली. खाली उतरले तर बायनाबाई ओले केस पाठीवर सोडून, पाय डोहात घालून बसलेल्या. शिवकन्या त्यांच्या केसांतला गुंता सोडवत होती. पुरुष दिसताच बायनाबाईंनी डोक्यावर पदर घेतला, पण पाय काही पाण्यातून काढले नाहीत.

"बगा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कुनी वडीत न्हाई, कुनी वतीत न्हाई. आपलं आपलं पडतंय. आमच्या हिरीवर दोर वडू वडू माज्या हाताची सालं गेली."

मोहनरावांनी धारेकडं वर पाहिलं. वर पाहायला फारशी मान उचलावी लागली नाही. "दहा पुरुष म्हनाले होते."

"असू द्या."

"दोन कोस म्हनाले. काट्यांतून हिंडवलं मला."

"तुमाला हिंडवलं. मला तुळजाबाईनं सरळ वाटंनं आनलं, अन् पोरीनं माजं डोकं आईवानी धुतलं. पोरगी मला न्यायची हाय. सुपारी काढा."

"हितं?"

"मंग कुटं? घरी गेला की तुमी पुन्ना तळातला दाना काढाल."

"ते खोटं बोलत्यात, बायना."

"बोलंनात का. मी पाण्यात हाय हे त्यांला ठावं नव्हतं, कुनीतरी बाई मानूस हाय एवढंच ठावं होतं. तरी हाळी दिली ना? माजी लाज ठिवली, का त्यांची धार?"

मोहनरावांनी ओल्या दगडावर बसकण मारली. मग त्यांनी कमरेचा बटवा सोडला. पंच म्हणून बिभीषण आणि छबुबाई. फोडायला अडकित्ता नव्हता, म्हणून छबुबाईनं वाकळा आपटायच्या दगडावर सुपारी ठेवून सुंदररावांच्या हातात गोटा दिला. सुपारी पहिल्या घावाला उडून डोहात पडली. शिवकन्येनंच वाकून ती काढली आणि तोंड फिरवून बापाच्या हातात दिली. दुसऱ्या घावाला फुटली.

एव्हाना सूर्य डोक्यावर आला होता, वाट पुरुषांना मोकळी झाली होती. सगळे सीताफळीतून परत निघाले. पुढं बायका, मागं पुरुष, सगळ्यात शेवटी सुंदरराव. मोहनरावांनी एक पिकलं सीताफळ तोडलं. ते खाऊन त्यांनी बिया थुंकल्या न थुंकल्या, तोच मारुतीचा पार समोर आला.

ते थांबले आणि मागं वळून पाहिलं. "इवाई, हे दोन कोस?"

सुंदररावांनी पागोटं सारखं केलं. 'इवाई' ऐकून त्यांचा आवाज परत आला होता.

"गडी मान्साला दोनच कोस पडतंय," ते म्हणाले. "बायकांचं मला म्हाईत न्हाई."