चार फूट दहाची काठी

गप्पांत कुणी फुटबॉलचा विषय काढला की माझी बायको आत जाऊन चहाचं आधण ठेवते. तिला माहीत असतं, आता हे तासभर उठत नाहीत! त्याला मी काय करू? पीटीच्या मास्तराला किस्से साठवावे लागत नाहीत. पोरं रोज नवीन आणून देतात.

नव्वदच्या दशकात शाळा सुटली की मी शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीच्या बारक्या फुटबॉल टीमला शिकवायचो. टीमचं सगळं बघायचे तात्या. माणूस मोठा खटपटी. तेव्हा बारक्यांच्या स्पर्धेला जन्माचा दाखला लागायचा. तात्यांनी एका पोराचा दाखला पंचांपुढं ठेवला. पंचांनी तो वाचला, मग टीममधल्याच त्याच्या धाकट्या भावाचा मागवला.

"तात्या, हा थोरला न्हवं?"

"व्हय की."

"मग हा धाकट्यापेक्षा चार महिन्यांनी लहान कसा?"

"कागदावर हाय. अंगानं थोरलाच हाय!"

पुढच्या वर्षी दाखले बंद झाले आणि काठी आली. दोन खांब, त्यांवर चार फूट दहा इंचांवर आडवी काठी. खालून ताठ चालत जायचं. डोकं लागलं की बाद!

*

टीमचे कपडे शिवायचे रसूलचाचा. एकदा मापं घेता घेता एका पोराकडं बघून मला म्हणाले, "सर, ह्याला महिनाभर पुढं खेळवू नगा."

"का हो चाचा?"

"गुडघ्याखाली वाढलाय. ह्याचे पाय अजून ह्याचे झाले न्हाईत."

मला हसू आलं. शनिवारी त्याच पोरानं मोकळ्या गोलसमोर बॉल सोडून आपल्याच दुसऱ्या पायाला किक मारली!

तेव्हापासून मी एक वही ठेवायला लागलो. दर महिन्याला पोरांची उंची, वजन आणि शेजारी चाचांचं भाकीत. आधी पाय वाढतात, मग पाठ. खांदे भरतात सगळ्यात शेवटी. मी पुस्तकं चाळत बसलो होतो आणि चाचा ते टेपवर वाचत होते.

*

कुणीतरी तात्यांना सांगितलं की माणूस सकाळी उंच असतो आणि दिवसभराच्या राबण्यानं संध्याकाळपर्यंत थोडा दबतो. आता हे खोटं नाही. पण अशी माहिती तात्यांच्या हातात पडायला नको होती!

आमचा बॅक बाळ्या काठीला जेमतेम लागत होता. मॅचच्या दिवशी तात्यांनी पहाटेपासून त्याच्या खांद्यावर वाळूचं पोतं दिलं आणि तालमीचा जिना चढ-उतार करायला लावला. दुपारी बाळ्या काठीखालून सुटला! तात्यांनी मिशीला पीळ दिला.

दहाव्या मिनिटाला बाळ्या दोन्ही पोटऱ्या धरून मैदानात आडवा झाला आणि बोंबलला, "गोळा! गोळा आला!"

माइकवाला पाठ करून चहा पीत होता. त्यानं अर्धवट ऐकलं आणि ओरडला, "गोऽऽल!"

पलीकडं आमच्या लोकांनी फटाक्यांची माळसुद्धा लावली. बाळ्याला आम्ही चौघांनी उचलून बाहेर आणलं. तात्या त्याच्या पोटऱ्या चोळत मला म्हणाले, "काय बी म्हणा सर, उंची कमी झाली का न्हाय?"

*

या गोळ्यानं माझं कुतूहल चाळवलं. मी तालमीतल्या आणि शाळेतल्या पोरांना मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जोरात पळवायला लागलो. एक मिनिट थांबायचं, परत पळायचं. नववी-दहावीची दांडगी पोरं पहिल्या दोन फेऱ्यांत पुढं असायची आणि सहाव्या फेरीला जमिनीवर. सहावीतली चिल्लीपिल्ली मात्र मिनिटभरात ताजी! ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, लहान पोराच्या स्नायूला जोर कमी, पण तो लवकर सावरतो. जोर आला की थकवाही येतो.

मी पोरांना सोपं करून सांगितलं, "मिशी फुटली की दम लागतो."

दुसऱ्या दिवशी नववीतली चार पोरं मिशी काढून आली!

पण एक पोरगा हसला नाही. त्याला सगळे पावशेर म्हणायचे. दहावीत होता, डावीकडून बॉल घेऊन निघाला की अख्ख्या पेठेत त्याला अडवणारं पोर नव्हतं. पण आवाज अजून कोवळा आणि उंची दोन वर्षं तिथंच. बरोबरीची पोरं मोठ्या टीमला गेली, हा आपला बारक्यांत. तात्या खूश. "असाच ऱ्हा रं बाबा," म्हणून त्याची पाठ थोपटायचे. पोराचा चेहरा पडायचा.

त्या दिवशी तो बारा फेऱ्या पळाला आणि माझ्यापुढं उभा राहिला. साधी धापसुद्धा नाही.

"सर, मी कधी दमणार?"

वहीत त्याच्या नावापुढं ओळीनं तोच आकडा होता. मला त्या पोराची खरंच काळजी वाटली.

*

पुढच्या हंगामाची फायनल. मैदान गच्च भरलेलं. सगळी भिस्त पावशेरवर. मधे परीक्षा आणि सुट्टी आल्यामुळं फायनल लांबली होती आणि तीन महिने मी वही उघडली नव्हती. पोरं रांगेनं काठीखालून गेली. पावशेर आला आणि टक्‌ आवाज झाला.

पंच म्हणाले, "परत ये."

परत टक्‌!

तात्या धावत आले. "केसाला लागली, केसाला! न्हाव्याला बोलवा, टक्कल करू!"

पावशेरनं दोन्ही हातांनी डोकं घट्ट धरलं आणि ओरडला, "केसाला न्हाय तात्या! हाडाला लागलीया, हाडाला!"

आवाज मध्येच फाटला आणि खाली घोगरा उतरला. तात्या कपाळाला हात लावून खालीच बसले. पंचांनी पावशेरचं नाव खोडलं. उरलेल्या दहांना आणि एका बदली पोराला घेऊन मी मैदानाकडं वळलो. आता जिंकणं अवघड होतं, पण माझ्याच्यानं वाईट तोंड करवेना.

तेवढ्यात मागं पंचांचा आवाज आला, "अरे, तू बाद झालायस न्हवं?"

पावशेर परत रांगेच्या शेवटी उभा होता. फाटकातून एक बाई लगबगीनं आत येत होती. त्यानं तिच्याकडं बोट केलं.

"सायेब, अजून एकदा जातो की. आईनं बघितलं न्हाय."