शेवटची चौदा पानं

रुपराव गजभिये रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते आणि त्यांना बंगाली वाचता येत होतं. नागपुरात इंदोऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत पहिली गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, दुसरी फक्त बायकोला. वडील गिरणीत जात. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर घरात चार पुस्तकं आली, तीच काय ती घरातली पहिली पुस्तकं. रुपराव नोकरीला लागले तेव्हा ऑफिसात निम्मे बाबू बंगाली होते. हेडक्लार्कसाहेब डबा खाऊन झाला की कादंबरी उघडून बसत आणि वाचता वाचता खुदकन हसत. हे कशाला हसले एवढं कळावं, म्हणून रुपरावांनी त्यांच्याकडून अक्षरं शिकून घेतली. वर्ष-दीड वर्षात ते स्वतःच हसायला लागले.

पण वाचलेलं सांगायला माणूस लागतं. ते त्यांना अडुसष्ट साली भैय्याजी बोकड्यांच्या बायंडिंगच्या दुकानात भेटलं.

दुकान बडकस चौकाजवळ होतं. दोन-तीन वाचनालयांची फाटकी पुस्तकं तिथे बांधायला येत. पुस्तक दोन दिवसांत बांधून व्हायचं, पण भैय्याजी ते आठवडाभर परत करत नसत. आधी ते स्वतः वाचत, मग रविवारी सकाळी येणाऱ्या तिघांना फिरवत. तिघे म्हणजे रुपराव, म्युनिसिपालटीच्या शाळेतल्या सत्यवतीबाई, आणि टांडापेठेतून पायी येणाऱ्या अनुसया नंदनवार. खळीच्या वासात, कागदांच्या गठ्ठ्यांवर बसून ही चार माणसं रशियन, बंगाली, कानडी कादंबऱ्यांच्या भाषांतरांवरून इतकी तावातावाने बोलत की बाहेरच्या पानठेल्यावरची गिऱ्हाइकं वळून बघत.

अनुसयाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. नवरा गेल्यापासून मुलगा चंद्रभान माग चालवायचा आणि त्या सुताच्या कांड्या भरून द्यायच्या. पुस्तक समोर उघडं असायचं. पान उलटण्यापुरता हात थांबायचा. बोलायच्या कमी. एकदा एका जाडजूड रशियन कादंबरीवर सत्यवतीबाई आणि भैय्याजी तासभर बोलले. भाषा काय, वर्णन काय, मनाचा ठाव काय! शेवटी भैय्याजींनी विचारलं, "तुमाले कशी वाटली, बाई?"

"चांगली आहे," अनुसयाबाई म्हणाल्या. "पण त्याच्यात सारे घडीघडी चहा पिऊन राहिले. तो चहा करते कोण, हे एका पानावर नाही सांगतलं. साडेचारशे पानात कोणाचे हात दुखले नाहीत."

सगळे हसले. रुपराव हसले नाहीत. त्यांना वाटलं, आपण इतकी वर्षं वाचतो आहोत, पण असं वाचायला आपल्याला आलेलं नाही.

त्या दिवसापासून पुस्तक वाचताना रुपरावांच्या मनात एकच विचार असायचा, अनुसयाबाई यावर काय म्हणतील. बंगाली कादंबऱ्यांची गोष्ट ते दुकानात तोंडी सांगायचे. बाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हे तुमी सांगतलं, रुपरावजी. त्यानं कसं सांगतलं ते मले कुठं मालूम आहे?"

सत्तर साली चंद्रभान भिवंडीला पॉवरलूमवर गेला. एकोणीस वर्षांचा होता. हातमागावर आता काही राहिलं नाही, टांडापेठेतली अर्धी पोरं गेली, तसाच तोही गेला. "दिवाळीले येतो," म्हणाला. खुशालीचं एक कार्ड आलं. दिवाळी गेली, होळी गेली, दुसरं कार्ड आलं नाही. रुपरावांनी कार्डावरच्या पत्त्यावर चार पत्रं लिहिली. मग रेल्वेचा पास काढून स्वतः भिवंडीला गेले. तीन दिवस कारखान्यांच्या गल्ल्यांतून फिरले. कार्डावरचा कारखाना बंद पडला होता. एकजण म्हणाला, नागपूरचा पोरगा होता, सुरतेला गेला असेल. दुसरा म्हणाला, तो नागपूरचा नव्हताच.

परत आल्यावर त्यांनी हे सगळं अनुसयाबाईंना जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी मान हलवली. "तुमी गेले तरी," एवढंच म्हणाल्या.

काहीतरी करावं, असं रुपरावांना वाटत होतं आणि करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. त्याच सुमाराला हेडक्लार्कसाहेब निवृत्त होऊन कलकत्त्याला गेले आणि जाताना एक कादंबरी देऊन गेले. नदीकाठचं कुंभारांचं गाव, तिथली एकटी बाई, आणि कलकत्त्याच्या गिरणीत कामाला गेलेला तिचा मुलगा. पहिली तीस पानं वाचून रुपराव थांबले. वही घेतली आणि पहिल्या पानापासून मराठीत लिहायला लागले. पुढचं वाचायचं नाही असं त्यांनी ठरवलं. जेवढं लिहून होईल तेवढंच वाचायचं, म्हणजे आपल्याला आणि अनुसयाबाईंना एकाच वेळी कळेल.

दर रविवारी दहा-बारा पानं. अनुसयाबाई घरी नेऊन वाचायच्या, पुढच्या रविवारी परत आणायच्या आणि मग सत्यवतीबाई ती न्यायच्या. अनुसयाबाईंच्या तक्रारी असायच्या. "ही बाई इथं 'अहाहा' म्हणते. कुंभारीण अहाहा म्हणन का? बदलवा." रुपराव मूळ पुस्तक पुन्हा काढत, पाहत, बदलत. कधी त्या म्हणायच्या, "भट्टी पेटवतानाचं फार बराबर लिवलं. अंगावर धग आली." रुपरावांना त्या वाक्यावर आठवडा काढता यायचा. बायको म्हणायची, "प्रमोशनच्या परीक्षेले एवढे बसले असते, तर साहेब झाले असते."

सव्वा वर्ष हे चाललं. त्र्याहत्तरच्या जानेवारीत रुपराव शेवटच्या प्रकरणाशी आले.

मुलगा कलकत्त्याला जाऊन नऊ वर्षं झालेली. एक दिवस नावेतून एक परका माणूस उतरतो आणि बाईचं घर विचारत येतो. तो मुलाबरोबर गिरणीत कामाला होता. तो सांगतो, की मुलगा पहिल्याच पावसाळ्यात तापाने गेला. पत्ता कोणाकडे नव्हता, म्हणून कळवता आलं नाही. बाई ऐकून घेते. त्या माणसाला जेवू घालते. मग उठते आणि रोजच्यासारखी भट्टी लावायला जाते. एवढंच. चौदा पानं.

रुपरावांनी पुस्तक मिटलं. दोन रविवार ते दुकानात गेले नाहीत. तिसऱ्या रविवारी गेले, तर अनुसयाबाईंनी विचारलं, "झालं का? तो येते ना जी?"

त्यांच्या आवाजात असं काही होतं, की रुपरावांच्या तोंडून "हाव, येते" निघून गेलं.

घरी येऊन त्यांनी चौदा पानं लिहिली. नावेतून परका माणूस नाही, मुलगाच उतरला. आईने त्याला ओळखलं नाही. त्याने हात पुढे केला, तेव्हा लहानपणी भट्टीवर भाजलेल्या खुणेवरून ओळखलं. लिहिताना त्यांचे डोळे भरून येत होते, आणि त्याच वेळी त्यांना आतून कळत होतं, की हे आपण करू नये. बायकोला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "सांगून टाका ना बाईले. लपवून काय होते?"

"सांगीन," ते म्हणाले.

अनुसयाबाई ती पानं घेऊन आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. तीन वर्षांत तसा दिसला नव्हता. "नऊ वर्षांनी आला पाहा," त्या म्हणाल्या. "पत्र नाही, काही नाही, अन् आला."

रुपरावांनी ती पानं मोजून सत्यवतीबाईंकडे दिली.

अनुसयाबाईंची मुलगी पुष्पलता उमरेडला दिलेली होती. आईची नजर कमी होत चालली, एकटीने माग चालेना, म्हणून ती दरवर्षी न्यायला यायची. दरवर्षी अनुसयाबाई नाही म्हणायच्या. पोरगा आला आणि दाराला कुलूप दिसलं तर? शेजारणी बोलायच्या, त्यांना त्या सांगायच्या, "नऊ वर्षं तर होऊ द्या." हे नऊ कुठून आले, ते एकट्या रुपरावांना माहीत होतं.

त्यांनी सांगायचं किती वेळा ठरवलं! एकदा टांडापेठेत त्यांच्या घरापर्यंत गेले. बाई ओटा सारवत होत्या. म्हणाल्या, "या, बसा. नवीन काय वाचून राहिले?" आणि रुपराव एका नव्या कादंबरीबद्दल बोलून परत आले.

एकोणऐंशी साल उजाडलं. त्या वर्षी बाईंनी घराला नवा चुना दिला. दिवाळीच्या आधीपासून त्या रोज संध्याकाळी दारात बसू लागल्या. रविवारी दुकानात आल्या तरी लक्ष रस्त्याकडे. रुपरावांनी त्या दिवाळीत घरी गोडाला हात लावला नाही. डिसेंबर संपला. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी अनुसयाबाई आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, "पुस्तकात नऊ होती. खऱ्यात दहाही लागू शकतात, नाही का जी?"

दहावं वर्ष सरता सरता त्याच कादंबरीचं मराठी भाषांतर पुण्याहून छापून आलं. सत्यवतीबाईंनी ते वाचनालयातून आणलं. रुपराव त्या रविवारी ड्यूटीवर होते. "आधी तुम्ही वाचा," सत्यवतीबाईंनी ते हौसेनं अनुसयाबाईंच्या हातात दिलं. "आपल्या रुपरावांचं चांगलं की यांचं, ते तुम्हीच सांगा."

चार दिवसांनी, दुपारी, अनुसयाबाई पार्सल ऑफिसात आल्या. संत्र्याचा हंगाम होता. काटोलचे टोपले छतापर्यंत रचलेले, हमालांची आरडाओरड. त्या आजवर तिथे कधी आल्या नव्हत्या. काउंटरवर त्यांनी पुस्तक ठेवलं. रुपरावांनी वरचं नाव वाचलं आणि हातातला पेन खाली ठेवला.

"शेवटची पानं," अनुसयाबाई म्हणाल्या. "त्याची कोणती अन् तुमची कोणती?"

"यात आहेत ती त्याची," रुपराव म्हणाले. "तुम्हाला दिली ती माझी."

"पुरी चौदा?"

"पुरी."

बाईंनी पुस्तक स्वतःकडे ओढलं. "चांगली लिवली तुमी. मले फरक नाही समजला. मी तुमाले चहाचं सांगत होती, अहाहाचं सांगत होती. अन् एवढं नाही समजलं."

"बाई, मी भिवंडीहून रिकाम्या हातानं आलो होतो. तुम्ही विचारलं, येते ना. माझ्यानं नाही म्हणवलं नाही."

"भिवंडीचं तुमी खरं सांगतलं होतं. मी ऐकून घेतलं का नाही? रडली का मी तुमच्यासमोर?"

"नाही."

"मंग हे काहून खोटं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. हमाल तरीही थांबून पाहू लागले होते. "त्या कुंभारणीले झेपलं. तिनं त्या माणसाले जेवू घातलं. मले नसतं झेपलं, असं तुमाले वाटलं. सारे मले बिचारी समजतात, रुपरावजी. माझी पोरगीसुद्धा. एक तुमी होते, तुमी मले वाचणारी समजत होते."

बाईंनी पुस्तक उचललं, पदराखाली घेतलं. "सत्यवतीबाईंले वापस करायचं आहे," म्हणाल्या आणि गेल्या.

त्या पुन्हा दुकानात आल्या नाहीत. उन्हाळ्यात पुष्पलता न्यायला आली, तेव्हा नाही म्हणाल्या नाहीत. रविवारची बैठक त्यानंतर दोन-चार वेळा भरली. सत्यवतीबाई स्वतःला दोष देत राहिल्या, भैय्याजी रुपरावांशी नजर मिळवेनात, आणि पाऊस लागल्यावर येणं-जाणं आपोआप बंद पडलं.

रुपरावांनी त्या पावसाळ्यात खरी चौदा पानं मराठीत उतरवली. एकेक वाक्य चार-चारदा. आयुष्यात त्यांनी एवढं चांगलं काही लिहिलं नव्हतं. ती घेऊन ते एसटीने उमरेडला गेले.

अनुसयाबाई नातीच्या केसांना तेल लावत बसल्या होत्या. रुपरावांना पाहून रागावल्या नाहीत. चहा करायला लावला, त्यांच्या गुडघ्यांचं विचारलं, भैय्याजींचं विचारलं. रुपरावांनी पानं पुढे केली.

"वाचलं मी ते," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या हातचं वाचलं. तुमच्या हातचं वाचायचं होतं, तवा तुमी दिलं नाही."

"ठेवून तरी घ्या."

त्यांनी ठेवून घेतली. उघडली नाहीत.

"सध्या काय वाचता?" रुपरावांनी विचारलं.

"नाही वाचत," बाई म्हणाल्या. "पुष्पा आणते लायब्ररीतून. दोन-तीन घेऊन पाहिली. शेवट जवळ आला का हात थांबते. वाटते, हा खरा आहे, का माझी कीव करून कोणी लावला? अन् मंग मजा नाही येत."

त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. दुखण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. म्हणून रुपरावांना ते जास्त लागलं. परतीच्या एसटीत ते खिडकीला डोकं टेकून बसले होते. कंडक्टरने दोनदा हटकलं तेव्हा त्यांनी तिकीट दाखवलं.

नंतरही ते वर्षातून एकदा उमरेडला जात राहिले. पावसापाण्याचं बोलणं व्हायचं, नातीच्या शाळेचं व्हायचं. पुस्तकाचं नाव दोघांपैकी कोणी काढलं नाही. चौऱ्याऐंशीच्या थंडीत पुष्पलताचं कार्ड आलं, की आई गेली. रुपराव तेराव्याला गेले. जेवणं आटोपल्यावर पुष्पलता त्यांच्याजवळ येऊन बसली.

"काका," ती म्हणाली, "आई जायच्या आधी चार दिवस सारखी दाराकडे पाहून राहिली होती. तुमी भिवंडीले गेले होते. चंद्रभानचं तुमाले तवा काही समजलं होतं का? आईले सांगतलं नसन, तर मले सांगा. जिता आहे का नाही, एवढंच."

तिच्या डोळ्यांत बघणं अवघड होतं. एक चांगला शब्द बोलणं त्या क्षणी फार सोपं होतं.

"नाही, पुष्पा," रुपराव म्हणाले. "मले काहीच मालूम नाही."

पुष्पलता रडू लागली. रुपराव तिच्या बाजूला तसेच बसून राहिले, आणि शेवटची एसटी निघायची वेळ झाली तरी उठले नाहीत.