फुलाखालचं भोक

आमच्या घरात जेवढी फुलं, तेवढी भोकं. हे कोणाला सांगायचं नाही असा माझ्या बायकोचा हुकूम होता. पाहुणे येत, पलंगावरची चादर पाहत आणि "काय भरतकाम हाये जी!" म्हणत. ही पदर सावरून लाजल्यासारखं करी. मी कोपऱ्यात बसून पानाला चुना लावी. ज्या कमळावर पाहुणीचा हात फिरत असे, ते माकडानं केलेलं होतं.

हिंगणीच्या बाजूला माकडांची कमी नाही. जंगल जवळ, आणि आमच्या अंगणातली कपड्यांची तार म्हणजे त्यांचा झोपाळाच. चादर खाता येत नाही, पांघरता येत नाही, तरी ओढायची. ओढून फाटली की तिथं कमळ उगवे. उंदरानं उशीची खोळ कुरतडली तिथं वेल चढली. खाटेच्या खिळ्यानं फाडलं तिथं मोर बसला. पोरानं इस्त्रीखाली पडदा जाळला तिथं भलं मोठं सूर्यफूल आलं. पोरगं लहानपणापासून कोणतंही काम मोठंच करतं.

आधी ती चादरीच्याच काठातला धागा ओढून भोकाची जाळी विणे. मग त्यावर रंगीत दोऱ्यानं फूल काढी. सुलट बाजूनं बगिचा, उलट बाजूनं सगळी पोलखोल. म्हणून उलटी बाजू कोणाला दिसू देत नसे. "ठिगळ लावलं तं लोकं म्हणतीन फाटलं," ती म्हणे, "फूल काढलं तं म्हणतीन हौस हाये." मी चौथी शिकलेला माणूस, पण भोक ते भोक एवढं मला कळे. तसं बोललो की त्या दिवशी वरणात मीठ नसे.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. तेरवीला सगळे आले. जिवंतपणी जिच्याशी कोणी धड बोललं नाही, ती किती गुणाची होती हे मला बुंदी खाता खाता समजावून गेले. एका शहाण्यानं सांगितलं, "वापरातलं काई ठेवू नका भाऊ, जीव अडकते." कोणाचा, ते त्यानं सांगितलं नाही. मी तिचा चष्मा तेवढा मागितला, तर पोरानं मला समोर बसवून "बाबा, आता मन घट्ट करा" असं भाषण दिलं. तेव्हापासून मी काही मागायचं सोडलं. चादर तेवढी राहिली, कारण मी तिच्यावर झोपलेला होतो. माणसासकट चादर दान करायची पद्धत अजून आपल्याकडे आलेली नाही.

या दिवाळीच्या साफसफाईत मात्र तिचा नंबर लागला. सून वाईट नाही. तिनं मोबाईलवरून माझ्यासाठी रबरवाली चादर मागवली. गादीला टोपी घातल्यासारखी बसते. फुलं छापलेली, आणि एकाही फुलाखाली भोक नाही. मग ती फुलं कशासाठी आहेत, हे मला अजून समजलेलं नाही.

सकाळी मी पानठेल्यावरून परत आलो, तर फाटकात भांडेवाली बसलेली. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी. समोर सुनेच्या जुन्या साड्यांचा ढीग आणि वर माझी चादर. शेजारीणही हजर होती. दुसऱ्याचा सौदा पाहायला ती चुलीवरची भाजी सोडून येते.

"काम तं भारी हाये वं बाई," भांडेवाली मोरावर बोट फिरवत म्हणाली. "घे, हा झाकणाचा गंज घे याच्यात."

गंज चांगला मोठा होता, घरभराचं वरण शिजेल एवढं पातेलं. सुनेचे डोळे चमकले. एवढी किंमत माझ्या बायकोची कोणी केली नव्हती, आणि झाली तीही मेल्यावर, भांडेवालीकडून.

"देऊ नको" एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो असतो तर सुनेनं दिलीही नसती. पण संध्याकाळी पोराचं भाषण झालं असतं, आणि बुढा बायकोची चादर कवटाळून बसतो हे शेजारणीनं दुपारपर्यंत गावभर केलं असतं. त्यापेक्षा दुसरं बोलणं सोपं होतं. मी चादर ओढली आणि उलटी केली.

"कशाचा गंज देतं वं? हे कमळ नाई, भोक हाये. हा मोर बी भोक हाये. ही सारी चादर भोकाचीच हाये."

भांडेवालीनं डोळे बारीक केले. "अरे बाप्पा! हे तं सारं रफूच हाये. बाबाजी, याच्यात तं चमचा बी नाई भेटत." तिनं चादर माझ्या अंगावर टाकली आणि गंज मागे ओढला.

शेजारीण खो खो हसली. "म्हंजे एवढे सालं आम्ही भोकाले वाहवा करून राह्यलो होतो काय जी?"

चादर वाचली होती. पण दवाखान्यातसुद्धा शेजारच्या खाटेवालीला दिसू नये म्हणून जी भिंतीकडे तोंड करून कण्हत होती, तिची उलटी बाजू मी फाटकात उभा राहून दाखवली होती.

सुनेनं माझ्याकडे पाहिलं, मग चादरीकडे. तिला काय समजलं ते तिलाच माहीत. तिनं चादर माझ्या हातातून घेतली, झटकली आणि सुलट बाजू वर करून घडी घातली.

"नाई वं काकू," ती शेजारणीला म्हणाली, "मामाजीच्या डोयाचं आपरेशन झालं तवापासून त्याईले जिकडे तिकडे भोकंच दिसतेत. काल तं पोयीले बी भोक हाये म्हणत होते. आमच्या आईच्या हातचं हाये हे, फाटलं गिटलं काई नाई. मले द्यायचीच नाई."

"हो काय जी?" शेजारणीनं मला विचारलं.

उभ्या आयुष्यात मी कोणाचं खोटं खपवून घेतलेलं नाही. लग्नाच्या मांडवात व्याह्याला तोंडावर खोटारडा म्हटलेला माणूस आहे मी.

"हो," मी म्हणालो. "धुरकट दिसते मले."

मग डोळ्यांत कोणते थेंब टाकायचे, किती वेळा टाकायचे, हे शेजारीण मला सांगत बसली. सून चादर घेऊन आत गेली तरी तिचं चालूच होतं. मी मान हलवत सगळं ऐकून घेतलं.