डाव्या तोंडाची गोगलगाय

निजामाच्या तहसिलातला तो मोजणीदार जमीन मोजता मोजता दगडात रुतलेले जुने जीव गोळा करायचा. आनंद झाला की प्रत्येक गोष्ट दोनदा म्हणायचा.

आमच्या युसूफ वडगाव या गावी आमच्या विहिरीत सुरुंगाची भोकं पाडून झाली होती. तेवढ्यात मोजणीला आलेला तो तळाचा पांढरा थर पाहून दोर धरून सरळ खाली उतरला.

"सायब, दारू ठासायची हाय," मी ओरडलो.

"थांब बे, थांब बे."

वर आला तेव्हा त्याच्या तळहातावर दगडाची गोगलगाय होती. शेजारी त्यानं खिशातला ओढ्याकाठचा शंख ठेवला.

"ह्याचं तोंड उजवीकडं, हिचं डावीकडं. असली आता वढ्यात घावत न्हाई. ही लई जुनी हाय, लई जुनी."

सुरुंग उडवला असता तर थरातल्या अशा सगळ्यांचा चुरा झाला असता. त्या दिवशी दारू ठासलीच नाही. छिन्न्या घेऊन आम्ही सगळेच विहिरीत उतरलो.